पहिल्या मजल्यावरचा पाळणा

आमच्या टॉवरच्या पहिल्या मजल्यावर म्युझियम आहे म्हटलं की शहागडचे पाहुणे हसतात. "लोकं घराखाली दुकानं काढतात, अन् तुम्ही जुनी भांडीकुंडी मांडून राह्यले?" बिल्डरची हौस, दुसरं काय. वर फ्लॅट, खाली आपल्याच भागातल्या जुन्या वस्तू.

मस्तगडचं घर सोडून नवव्या मजल्यावर आलो, तेव्हा आमचा लाकडी पाळणा टांगायला छताला कडीच नव्हती. पीओपीचं छत, त्यात नुसते दिवे. घरात लहान मूलही नव्हतं. मग मीच तो म्युझियमला देऊन टाकला. त्यांनी चौकट करून टांगला आणि पाटी लावली, 'हात लावून बघा.'

पुढे लेकीला दिवस गेले. तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी मी तिला आधीच माहेरी आणलं. आणि माझी झोप उडाली. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. इथे तर येणारा प्रत्येक जण आमच्या रिकाम्या पाळण्याला झोका देऊन जायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. असल्या समजुतींची वर्गात भरपूर टिंगल केली आहे. पण मन चिंती ते वैरी न चिंती. कुकर लावला तरी वाटायचं, आत्ता खाली कुणीतरी हलवतंय. गॅस बंद करून निघायचे. लिफ्ट मजल्यामजल्याला थांबायची आणि मी तिच्यावरही चिडायचे. खाली जाऊन पोरांवर खेकसायचे, तर त्यांच्या आया मला पाटी दाखवायच्या. मॅनेजरला म्हटलं, बाबा, दोर तरी बांध. तो म्हणाला, "मावशी, हलवण्यातच तर मजा आहे लोकांना." त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आणि लेक? ती मोबाइल बघत निवांत पडलेली. "आई, पायाला भिंगरी लागली का गं तुझ्या? बस की जरा." हिला कसं काही वाटत नाही, म्हणून मला तिचा राग यायचा. आजकालच्या पोरी.

सातव्या महिन्यात तिच्या पायांना सूज आली, बीपी वाढलं. दवाखान्याच्या धावपळीत दोन दिवस मला पाळण्याकडे फिरकता आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला आणि मला राहवेना. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. तेच करू या म्हटलं. पाळणा रिकामा नसला म्हणजे हलवा किती हलवायचा तो. वरवंटा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि उतरले.

म्युझियमच्या दारावरचे वॉचमनचाचा पिशवी बघून उठले. "मावशी, आधीच ठेवलंय त्यात."

वाकून बघितलं. लेकीची जांभळी ओढणी, आणि तिच्यात गुंडाळलेला आमच्या खलबत्त्याचा बत्ता. वरवंटा जड, तिला वजन उचलायला मनाई.

"परवापासून ठेवून राह्यल्या ताई," चाचा म्हणाले. "त्याच्या आधी तुम्ही बाहेर गेल्या की यायच्या. पाळणा हातानं धरून उभ्या राह्यच्या, हलू द्यायच्या न्हाई. मला म्हणल्या, चाचा, आईला बिलकुल सांगू नका. ती लई घाबरती."

मला तिथंच रडू आलं. वरवंटा बत्त्याशेजारी ठेवला, ओढणी दोन्हींवर नीट पांघरली आणि वर आले.

ती जागी होती, भिंतीकडे तोंड करून. "कुठं गेल्ती?"

मी पलंगाच्या काठावर टेकले. "मला लई भीती वाटून राह्यली गं," मी म्हटलं.

ती पोट सांभाळत हळूच सरकली आणि मला जागा करून दिली.