तापीवरचा पूल

एक कोटी बारा लाख. मला गाढ झोपेतून उठवून विचारलंत तरी हा आकडा मी घडाघडा सांगेन. माझ्या धाकट्या भावाच्या रेल्वे कंपनीची ही किंमत. कंपनी खरी नव्हती, कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या खेळातली होती. अठ्ठावीस वर्षं मी त्या आकड्याच्या मागे धावले. माझी सगळ्यात मोठी मजल अठ्ठ्याऐंशी लाखांची, आणि तीही एकदाच.

नशिराबादच्या शाळेत मी गणित शिकवते. स्टाफरूममध्ये जेवणानंतर लॅपटॉप उघडला की कोणीतरी म्हणतंच, ‘मॅडम, अजून तोच खेळ?’ हो बाई, तोच. त्यातली चित्रं काडेपेटीवरच्या चित्रांसारखी, आवाज म्हणजे नुसती पिपाणी. सुरुवातीला रिकामा मुलूख असतो, एक नदी, चार-दोन गावं आणि हातात थोडं भांडवल. रूळ टाकायचे, इंजिन घ्यायचं, एका गावात जे उतू जातंय ते दुसऱ्या गावाला पोचवायचं. ज्या गावाला गाडी जाते ते गाव डोळ्यांदेखत वाढतं आणि जिथं जात नाही ते तसंच खुरटत पडतं. एवढाच खेळ. नवीन खेळ दर वर्षी येतात आणि दर वर्षी लोक ते विसरतात. हा विसरला जात नाही, कारण यात नशिबाला फारसा हात नाही. हरलात तर तुमचीच चूक असते आणि ती कुठं झाली तेही दिसतं. मग वाटतं, आणखी एकदा, या वेळी पूल दोन वर्षं उशिरा बांधू.

आणि आम्ही मूळचे धुळ्याचे. आमच्या स्टेशनातून गाडी सुटते ती चाळीसगावला जाते. जगात कुठंही जायचं असलं तरी आधी चाळीसगावला उतरा. अशा गावच्या माणसाला रूळ टाकायला मिळाले तर तो सोडेल का?

आमचे वडील, नाना, धुळ्याच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. एका टायपिंगच्या क्लासनं जुने कॉम्प्युटर विकायला काढले, त्यातला एक नानांनी आणला. भावाच्या मित्रानं दोन फ्लॉपीत तो खेळ दिला. त्यात गावांची नावं बदलता यायची. मग आम्ही इंग्रजी नावं पुसून धुळे, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, वरणगाव अशी नावं घातली आणि नदीला तापी म्हणायला लागलो. नाना मागे उभे राहून बघायचे. गाडी रिकामी परत येताना दिसली की त्यांना राहवायचं नाही. ‘अगं, रिकामा डबा ओढायलाही कोळसा लागतोच,’ म्हणायचे. येताना कापूस भर, जाताना कोळसा भर, पण रिकामी पळवू नको. हे त्यांचं वाक्य मी आजही पाळते.

टायफॉईडनं माझं एक वर्ष गेलं होतं, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्षी बारावीला होतो. मला त्याच्यापेक्षा तीन मार्क जास्त पडले. दोघांनाही पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि नानांच्या पगारात एकाचंच पुणं बसत होतं. गल्लीत कोणालाही विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं. नानांनी मात्र ते उत्तर दिलं नाही. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. नाना म्हणाले, ‘मन्हा दोन्ही डोया सारखाच शेतस. तुम्हीच ठरावा.’

दोन्ही डोळे सारखेच, हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तसे नाना होतेच वेगळे. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायची रीत. नाना माझ्या नावानंही काढायचे. शेजारच्या बायका कुजबुजायच्या, तर म्हणायचे, ‘गहू काय कमी पडतात का?’ त्या मुठीचा मला केवढा तोरा होता! मैत्रिणींना सांगत सुटायचे.

तर ठरवायचं कसं? मीच म्हटलं, खेळून ठरवू. नकाशा एकच, सुरुवात एकच, दोघांनी दहा-दहा वर्षं कंपनी चालवायची आणि ज्याच्या कंपनीची किंमत जास्त तो पुण्याला. त्या रखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवर खेळातली दहा वर्षं म्हणजे आमचे बारा-पंधरा दिवस. भाऊ लगेच तयार झाला. कानबाईची आण घेतली दोघांनी. नियम एकच केला, दुसरा खेळत असताना तिथं बसायचं नाही, नाहीतर त्याच्या युक्त्या चोरता येतील. हा नियमही माझाच. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

माझी पाळी सकाळी, त्याची दुपारी. दुपारी मी आत आईबरोबर पापड लाटायची. बाहेरच्या खोलीतून कळांचा टकटक आवाज यायचा आणि माझं लाटणं मधेच थांबायचं. आई म्हणायची, लक्ष कुठं आहे तुझं, पापड जाड झाला.

मी जिवाचं रान केलं. पहिली तीन वर्षं नुसता कापूस वाहिला. तापीवर पूल बांधायला मी घाबरले, कारण पुलात भांडवल अडकलं की कंपनी बुडते. सातव्या वर्षी लाकडी पूल बांधला, तोही एकेरी. दहावं वर्ष संपलं तेव्हा माझी कंपनी सत्तेचाळीस लाखांची होती. वहीच्या पानावर आकडा लिहून मी खाली सही केली. दोन दिवसांनी भावानं त्याचा पडदा दाखवायला हाक मारली. तापीवर दोन लोखंडी पूल, दुहेरी रूळ, वरणगावपर्यंत गाड्याच गाड्या. एक कोटी बारा लाख.

मी हरले. रडले, खोटं कशाला बोलू. पण हरले ते कबूल केलं. त्याची बॅग मी भरून दिली आणि चाळीसगावच्या गाडीत बसवायला स्टेशनवरही गेले. नानांनी त्या दिवशी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटतंय.

पुढं धुळ्यातच बीएस्सी, बीएड केलं. लग्न होऊन जळगावला आले, नोकरी लागली. रडतखडत काढलं असं मुळीच नाही, बरं चाललं. पण लग्नाकार्यात बायका एकत्र जमल्या आणि ‘आपण मुली, आपलं शिक्षण कोण बघतं’ असा विषय निघाला की मी ताठ बसायची. म्हणायची, माझ्या घरात तसं नव्हतं हां. मी मुलगी म्हणून मागे नाही राहिले, खेळात हरले म्हणून राहिले. या एका वाक्यावर मी अठ्ठावीस वर्षं मान वर करून जगले.

म्हणूनच खेळ सुटला नाही. खेळासकट सुरुवातीचा तो नकाशा फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर असा जपला. तो पेनड्राइव्ह माझ्या घराच्या किल्ल्यांना अडकवलेला असतो. दहा वर्षांत लोखंडी पूल कसा बसवला असेल पठ्ठ्यानं? कर्ज काढून बघितलं, कापूस सोडून बघितलं, आधी वरणगावला जाऊन बघितलं. दर वेळी कंपनी पुलापाशी अडायची. नेटवर शोधता आलं असतं, पण ते मला कॉपी केल्यासारखं वाटायचं. उलट भावाचं कौतुकच वाढत गेलं. यजमानांना म्हणायची, त्याच्या डोक्याला तोड नाही, पुण्याला गेला ते बरोबरच होतं.

नाना जाऊन आता सहा वर्षं झाली. कानबाईला भाऊ पुण्याहून धुळ्याला येतो, मीही जळगावहून येते. या वर्षीही आलो. दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत बसलो होतो. वहिनीचे माहेरचे लोक आले होते. जुन्या गोष्टी निघाल्या आणि भावाला त्या कॉम्प्युटरची आठवण झाली.

‘तो गाड्यांचा खेळ आठवतो का, अक्का? खरं सांगू का, मला तो कधी जमलाच नाही. दोन बटणं एकदम दाबली की कंपनीच्या खात्यात पाच लाख जमा! मी आपला बाहेर बटणं दाबत बसलेलो आणि अक्का आत पापड लाटतेय!’

सगळे खो खो हसले. मीही हसले, सवयीनं. मग हसता हसता माझं तोंड तसंच राहिलं.

मी म्हटलं, ‘लॅपटॉप आण तुझा.’

‘अगं, कशाला?’

‘आण म्हटलं ना.’

किल्ल्यांचा पेनड्राइव्ह काढून मी तो नकाशा त्याच्यासमोर उघडला. धुळे, दोंडाईचा, जळगाव, वरणगाव. स्टूल ओढून त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले. ‘खेळ,’ म्हटलं. ‘दहा वर्षं. ती बटणं सोडून.’ त्याला वाटलं अक्का थट्टा करतेय. पाहुण्यांनाही गंमत वाटली. पहिल्याच वर्षी त्यानं तापीवर पूल घातला. गाड्या रिकाम्या परत यायला लागल्या. दुसऱ्या वर्षी कर्ज काढलं, तिसऱ्या वर्षी आणखी काढलं. चौथ्या वर्षी पडद्यावर पाटी आली, कंपनी बुडाली. तासभरही लागला नाही. एव्हाना पाहुणे उठून ओट्यावर गेले होते.

‘तुला तेव्हा सुद्धा एवढंच येत होतं?’ मी विचारलं.

‘एवढंच.’

‘आणि तू कानबाईची आण घेतली होतीस. पुण्याची जागा होती ती, मेल्या! माझी जागा! सख्ख्या भावानं केसानं गळा कापला माझा!’

आई आतून आली. ‘जाऊ दे ना व माय. आते काय कराणं शे ते उकरीसन?’

आता उकरून काय करायचं आहे! मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बरोबर तसंच, जसं नानांनी त्या दिवशी स्टेशनवर बघितलं नव्हतं.

भाऊ खाली मान घालून बसला होता. म्हणाला, ‘अक्का, मी आपणहून नाही केलं. कंपनी बुडायला आली तेव्हा मी नानांना जाऊन सांगितलं, की अक्काच जिंकणार. माझा प्रवेशाचा फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता, तुझा आणलाच नव्हता. त्यांना वाटलं होतं, तुम्ही ठरवा म्हटलं की तू मोठी म्हणून आपणच मागे सरशील. तू पैज लावशील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग मला म्हणाले, ‘ती खेळमा हारनी ते बरं व्हई. तिले सांगानी मन्हामा हिंमत नही.’’

तिला सांगायची माझ्यात हिंमत नाही. माझे नाना. ज्यांचे दोन्ही डोळे सारखे होते.

मी आईला विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

आईनं पदरानं तोंड पुसलं. एवढं उत्तर मला पुरलं. म्हणजे घरात चौघं होतो आणि खेळ फक्त मी एकटी खेळत होते. अहो, तोंडावर सांगितलं असतं, पोरी, तुला पाठवत नाही, तर मी आकाशपाताळ एक केलं असतं, दोन दिवस जेवले नसते, मावशीकडे निघून गेले असते आणि कदाचित, कदाचित पुण्यालाही गेले असते. भांडायला तरी मिळालं असतं! त्यांनी मला भांडू दिलं नाही. हरले असं सांगितलं आणि मी वेडी, त्याचाच अभिमान बाळगत बसले.

संध्याकाळी आरती झाली. आमच्याकडे लग्न होऊन गेलेल्या लेकीला रोट देत नाहीत. वहिनीनं तरी माझ्या ताटात वाढला. बिचारी म्हणाली, ‘आता कोण पाळतं, अक्का? खा.’ समोर भिंतीवर नानांचा फोटो होता. मला ती मूठ आठवली. माझ्या नावानं गहू काढताना नानांना हिंमत लागत नव्हती, कारण गहू खरंच कमी पडत नव्हते. ताट मी हलकेच बाजूला सरकवलं आणि उपाशीच उठले.

जळगावला परत आल्यावर वहीचं ते पान शोधून काढलं. सत्तेचाळीस लाख, खाली माझी सही, अक्षर अजून कोवळं. अठ्ठावीस वर्षं मी ज्याला गाठायला धावत होते तो पुढं नव्हताच. त्या उन्हाळ्यात मी जिंकले होते. हे खुद्द नानांनाही माहीत होतं.

चार दिवसांनी भावाचा मेसेज आला. ‘अक्का, रागावू नको. पुढच्या कानबाईला येशील ना?’

मी लिहिलं, ‘येईन. पण आत पापड लाटायला बसणार नाही.’