छपराविना अडलेलं कॉलेज

अगं, जवळ ये जरा. कॅमेऱ्यात नुसतं कपाळ दिसतंय तुझं. आणि काय गं, "आजी, कॉलेज म्हणजे आता नुसता लॅपटॉप" म्हणतेस? डेल्फ्टच्या खोलीत एकटी कंटाळलीस, कबूल. या कोरोनाने सारं हॉलंडच घरात बसलंय, आम्हीही इथे नीउ-व्हेनेपला तुझ्या आईच्या घरी कोंडलोयच की. पण कॉलेजला नुसतं-बिसतं म्हणू नकोस. तुझ्या आईचं कॉलेज कसं झालं ते ऐक.

आमच्या गावी चर्चच्या ओसरीवर पाद्रीबाई आम्हा मुलींना शिकवायच्या. मी सातवीपर्यंतच शिकले, कारण शाळाच तेवढी होती. पुढे शाळा वाढत वाढत बारावीला पोचली, आणि तुझी आईही. तुझे आजोबा म्हणाले, "शहरात वसतिगृहात मुलगी धाडणार नाही." म्हणजे गावात कॉलेज झालं तरच ती शिकणार. चर्चने जागा दिली, भिंती उठल्या, आणि छपरापाशी गाडं अडलं. छप्पर नाही तर परवानगी नाही.

सुगीच्या सणाला आमच्यात उपासना झाली की शेतमालाचा लिलाव होतो. भोपळा जो घेईल त्याने पैसे द्यायचे आणि भोपळा परत टेबलावर ठेवायचा. पुन्हा बोली. एकच भोपळा दुपारपर्यंत पुरतो. त्या वर्षी लिलावाचे पैसे कॉलेजच्या छपराला जायचे होते, आणि बँकेत नवे साहेब आले होते, शहरातले. त्यांना हे कुठलं ठाऊक? त्यांनी भोपळा घेतला, सायकलला बांधला आणि गेले घरी. लिलावच थांबला.

मी गेले मागोमाग. त्यांची बायको विळीवर बसलेली.

"वहिनी, भोपळा द्या तो."

"अहो, अर्धा चिरला की. विकत घेतलाय ना यांनी?"

"घेतलाय हो. पण न्यायचा नसतो."

उरलेला अर्धा घेऊन आले. साहेबही आले मागून, मान खाली घालून. चर्चचे पंच म्हणाले, "हा साहेबांच्या घरी जाऊन आलेला भोपळा. बोला." हशा पिकला, आणि अर्ध्याला अख्ख्यापेक्षा चढी बोली लागली. साहेबांनीच घेतला परत, आणि टेबलावर ठेवून लांब जाऊन उभे राहिले. "साहेब, पिशवी देऊ का?" कोणीतरी विचारलंच.

पावसाआधी छप्पर चढलं. तुझ्या आईला पहिल्या दिवशी सोडायला आजोबाच गेले, इस्त्रीचा सदरा घालून. आता ती शेजारच्या खोलीत ऑफिसची मीटिंग घेतेय, आवाज येतोय ना? गावच्या त्या कॉलेजातही सध्या पोरं घरूनच शिकतायत. उघडेल गं सगळं, तुझंही.

तोवर एकटी कुढत बसू नकोस. ट्रेन चालू आहेत. मास्क लाव, रिकामा डबा बघून बस आणि रविवारी ये. सध्याच्या नियमाने घरात पाहुणा एकच चालतो म्हणे, तो तूच हो.