राऊटरच्या दारातला मजकूर

कोल्हारच्या आवेजला कुणाला 'जा' म्हणता येत नसे. दारावर आलेल्या विक्रेत्याला तो आधी पाणी देई, आणि मग नको असलेले कंगवे घेऊन बसे.

एका पतसंस्थेच्या शाखांना जोडणारे राऊटर तो सांभाळायचा. घरच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला की तो पारनेरच्या शाखेत पोचे. बोट हललं की खर्ड्याच्या. समोर प्रवरा संथ वाहायची. कधी कधी त्याला वाटे, आपण पाण्यावरूनच चाललो आहोत आणि काठाकाठानं राऊटरचे हिरवे दिवे लुकलुकताहेत.

राऊटरमध्ये शिरण्याआधी स्क्रीनवर एक मजकूर येतो. तिथे परक्यासाठी इशारा हवा. आवेजने तिथे लिहून ठेवलं होतं : 'या, बसा. पासवर्ड टाका.'

तपासणीला आलेल्या पंकजा मॅडम ते वाचून बघतच राहिल्या.

"आवेज, हे राऊटर आहे की रसवंतीगृह?"

"मॅडम, येणारा आपलाच माणूस असतो."

"आणि चोर आला तर? कोर्टात म्हणेल, मला 'या, बसा' म्हणाले, मी बसलो. सोमवारपर्यंत बदला. नाहीतर हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

ते हिरवे दिवे दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार, हे त्याच्या मनाला सोसेना.

रविवारी दुपारी तो ओट्यावर लिहायला बसला. 'आत येऊ नये.' पुसलं. बऱ्याच वेळाने मॅडमना पाठवलं : 'कृपया शक्यतो आत येऊ नये.'

उत्तर आलं : 'शक्यतो???'

तो नदीकडे बघत राहिला. ऊन पाण्यावर विरघळत होतं. तेवढ्यात शेजारच्या रतनबाई त्याच्या मागून दाराशी गेल्या. घरात अम्मीचं शिलाई मशीन थांबलं.

"कोण हाय?" दाराच्या पडद्याआडून अम्मीचा आवाज आला. असा कोरडा, की झाडावरचा कावळा उडावा. "नाव सांगा आधी!"

"अगं, मी! रतन!"

"मग नाव सांगायला तोंड शिवलं हुतं व्हय? ये आत. लई उन्हाची आलीस."

पडदा सरकला, पडला. आतून पंखा वाढवल्याचा आवाज आला, मग दोघींचं हसू. पडदा कितीतरी वेळ हलत होता.

आवेज पडद्याकडे बघत राहिला. हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. बाहेरच्याला दरडावून अम्मीला कधी वाईट वाटलं नव्हतं. रतनबाईंनाही नाही.

राऊटरलाही दोन मजकूर देता येतात. एक पासवर्डच्या आधी दिसतो, दुसरा पासवर्ड जुळल्यावर. दुसरा त्याने कधी लिहिलाच नव्हता.

त्याने लॅपटॉप जवळ ओढला. 'ही संस्थेची खासगी यंत्रणा आहे. परवानगी नसेल तर इथूनच परत फिरा. इथे प्रत्येक हालचालीची नोंद होते. घुसणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.' या वेळी एकही शब्द पुसला नाही. मग दुसरा मजकूर लिहिला. तो लिहायला काहीच वेळ लागला नाही.

सोमवारी पंकजा मॅडमनी इशारा मोठ्याने वाचला.

"आता कसं! मलाच भीती वाटली."

त्यांनी पासवर्ड टाकला. स्क्रीनवर दोनच ओळी उमटल्या :

'आलात.
दमला असाल.'

मॅडमनी कीबोर्डवरचा हात उचलला. चष्मा काढला. खुर्चीला पाठ टेकली.

"दमलेय खरी," त्या म्हणाल्या. "काम तुमच्याकडेच राहील, आवेज. बाकीचं जरा वेळाने बघू."