फोरमनकाकांचा साबण

फोरमनकाकांना पोलाद सोडून जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल आदर नव्हता. लाकडाला ते वाळवीचा खाऊ म्हणत, प्लॅस्टिकचं नाव निघालं की तोंड वाकडं करत, आणि अ‍ॅल्युमिनियम हा धातूच नाही असं त्यांचं ठाम मत होतं. माणसांची गतही याहून बरी नव्हती. ज्यानं पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी केली नाही, तो त्यांच्या लेखी रिकामटेकडा. मी प्लांटजवळच्या रिसाली वस्तीत त्यांच्या शेजारी राहायचो आणि एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचो. मला पाहिलं की ते फाटकावरूनच ओरडत, "गणित शिकवून राहिला म्हने! त्यातून काही बनते का बे? एक खिळा तरी?"

ते खरोखर फोरमन म्हणून रिटायर झाले होते की नाही, याबद्दल आमच्या गल्लीत दोन मतं होती. विचारायची हिंमत मात्र कुणात नव्हती. सेक्टर दहामधलं प्लांटचं क्वार्टर सोडून त्यांनी रिसालीत घर बांधलं आणि त्या घराचीच रोलिंग मिल, म्हणजे तापलेलं पोलाद लाटायचा कारखाना, करून टाकली. दूध यायला उशीर झाला की ब्रेकडाउन, पाहुणे आले की इन्स्पेक्शन. या मिलमध्ये कामगार एकच होता, तो म्हणजे काकू, आणि त्यांना साप्ताहिक सुटी नव्हती.

दुसरी खोड म्हणजे घाई. काकांना थांबणं म्हणून काही माहीतच नव्हतं. रेल्वे फाटक पडलं की ते इंजिन ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. स्वतःच्या मुलाच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आधीच त्यांनी हातातल्या सगळ्या अक्षता एकदमच टाकून दिल्या आणि भटजींना सुनावलं, "पोरगी पसंत हाय, पोरगा उभा हाय, तुमचं काय अटकून राहिलं?"

या माणसानं साबण करायला घेतला, यावर आमच्या गल्लीत आजही कुणी चटकन विश्वास ठेवत नाही. कारण काकूंचे हात. त्यांची कातडी फाटायची आणि बाजारातला कुठलाही साबण लागला की भयंकर आग व्हायची. मलमं झाली, बेसन झालं, काही उपयोग नाही. काकांनी त्यावर कधी एक गोड शब्द काढलेला मी ऐकला नाही. एक दिवस त्यांनी दुकानातली वडी नाकाशी धरली, हुंगली आणि जाहीर केलं, "हा साबन नाही, बदमाशी आहे. मीच बनवतो." जन्मात स्वतःचा चहा न केलेला माणूस हे बोलत होता!

मोहाच्या बियांचं तेल, ज्याला इकडे टोरीचं तेल म्हणतात, ते त्यांनी कुठल्याशा खेड्यातून मागवलं. कॉस्टिक सोडा आणला. आंगणात मोठं स्टीलचं पातेलं मांडलं आणि स्वतः हेल्मेट, गॉगल, हातमोजे चढवून असे उभे राहिले, जणू आता समोरून लाल सळी येणार आहे. मला काठीनं ढवळायच्या कामावर लावलं. मी भीत भीत म्हणालो, "काका, मोबाइलवर पाहिलं मी. साबण घट्ट झाला तरी महिनाभर वाळू द्यावा लागतो. नाही तर तो कातडी जाळतो."

"महिनाभर?" काका इतक्या तुच्छतेनं हसले की गॉगल नाकावरून घसरला. "अबे, आमच्या मिलमंदी एका शिफ्टमंदी पटरीवर पटरी निंगे. लाल सळीवर पानी मारलं का कडक होते. साबन काय सळीहून मोठा लागून गेला काय?"

आणि साच्यात ओतलेला साबण जरा कुठे धरायला लागला, तोच त्यांनी त्यावर बादलीभर गार पाणी ओतलं! त्याचं जे झालं ते बघवत नव्हतं. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या एकीकडे, पाणी दुसरीकडे. पण माघार घेतील तर ते फोरमनकाका कसले. त्यांनी त्या गुठळ्या वेचल्या, दाबून दाबून त्यांचा गोळा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या ऐटीत काकूंच्या हातावर ठेवला. काकूंनीही तो भोळेपणानं लावला.

त्यांची किंकाळी मला भिंतीपलीकडे ऐकू आली. मी धावत गेलो तर काकू नळाखाली हात धरून उभ्या होत्या. त्या काकांवर ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाजारातला साबन पोळवत होता, तर तो परका होता. तुमी कावून पोळवता मले?"

काकांनी तो गोळा उचलला आणि मान खाली घालून कचऱ्यात टाकून आले. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पंधरवड्यानं त्यांनी पुन्हा साबण केला. मला बोलावलं नाही, पाणी मारलं नाही. वड्या कापून आलमारीवर जुन्या लुगड्यावर पसरल्या आणि चक्क वाट पाहू लागले. रोज सकाळी स्टुलावर चढायचं, एक वडी काढायची, सोड्याचा चटका बसतो का ते पाहायला जिभेचं टोक लावायचं, थुंकायचं आणि वडीला शिवी घालायची. "हरामखोर, अजून चावतेच!" मग ती उलटून जागेवर ठेवायची. मी टर उडवायला म्हणून विचारलं, "काय काका, मिल बंद पडली का?" तर म्हणाले, "तुले काय समजते बे. पकू दे तिले."

वड्या तशाच वर वाळत असताना काका गेले. सकाळी दूध आणायला निघाले, फाटकापाशी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं. मुलगा, सून आणि भंडाऱ्याकडचे नातेवाईक जमले. सुतकात कुणी साबणाला हात लावत नाही, त्यामुळे आलमारीकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. काकू त्या सगळ्या दिवसांत रडल्या नाहीत. बायका आपसात कुजबुजायला लागल्या होत्या.

सुतक फिटलं त्या दिवशी काकांच्या बहिणीनं सगळ्यांच्या अंघोळीसाठी दुकानातून नवे साबण आणले. काकूंनी आपल्या हातातला परत केला आणि मला म्हणाल्या, "बाबू, आलमारीवरचा काढून दे."

"वयनी, पागल झाल्या का तुमी?" नणंद म्हणाली. "मांगं हात भाजले न त्यानं?"

"भाजू दे," काकू म्हणाल्या.

मी वडी काढून दिली. आंगणातल्या नळाशी बसून काकूंनी ती हातांवर फिरवली. फाटलेल्या भेगांमध्ये फेस गेला. काकू तशाच बसून राहिल्या, मग त्यांनी मनगटापर्यंत चोळलं, मग कोपरापर्यंत.

"आग नाही होऊन राहिली," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "पाहा न, नाही होऊन राहिली." आणि तिथंच, नळ तसाच वाहता ठेवून, मोठ्यानं रडायला लागल्या.

मला काकांचा इतका राग आला, इतका राग आला की मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. जन्मात एकदाच कशासाठी तरी थांबले होते. अजून थोडं थांबायला काय झालं होतं?