पट्ट्या गेल्याच नाहीत

दर्यापूरच्या डोमाजी लाईनमनची माधवी अमरावतीच्या विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय होता लोखंडाचे अतिवाहक. बेरियम, लोखंड आणि आर्सेनिकच्या स्फटिकात योग्य भेसळ केली, की कडाक्याच्या थंडीत वीज जराही वाया न जाता वाहते. भेसळ नसली, तर त्याच थंडीत लोखंडाचे अणू ओळीओळीने चुंबक होऊन बसतात. या ओळी पृष्ठभागावर दिसतात का, हे तिला शोधायचं होतं.

स्फटिक इथल्याच भट्टीत व्हायचे. भट्टी दहा दिवस हळूहळू निववायची. मध्येच वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून. अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक मात्र परगावी, आणि तोही सहा महिन्यांतून दोनच दिवस मिळायचा. तिथे स्फटिक थंडीतच फोडायचा आणि ताजा पृष्ठभाग न्याहाळायचा. दुसऱ्या वर्षी तिला तिथे समांतर पट्ट्या दिसल्या. "हेच चुंबकत्व!" तिचे मार्गदर्शक शेखर सर म्हणाले. लेख एका संशोधन मासिकात छापून आला. पहिलं नाव माधवीचं.

पण तिला एक शंका छळत होती. फोडताना बेरियमचा थर अर्धा एका तुकड्यावर राहतो, अर्धा दुसऱ्यावर. हे उरलेले अणूच ओळीने बसले असतील तर? चुंबकत्व उणे एकशे तीस अंशांच्या वर टिकत नाही. पुढच्या खेपेला तिने स्फटिक उणे सव्वाशेपर्यंत तापवला. पट्ट्या जायला हव्या होत्या. त्या तशाच राहिल्या. तिने सूक्ष्मदर्शकाची अणू चाचपणारी सुई बदलली, दुसरा स्फटिक फोडला. तरी तशाच.

"हे चित्र प्रबंधात नको," सर म्हणाले.

"कोणी विचारलं तर, सर?"

"कोण विचारतंय?"

"मीच विचारून राहिली ना!" तिचा आवाज चढला.

ते चित्र असलेलं प्रबंधाचं प्रकरण सरांनी तीनदा सहीविना परत केलं.

दिवाळीत ती घरी गेली, तेव्हा डोमाजींनी विचारलं, "काहून तोंड पाडून बसली, बाई?"

तिने सगळं सांगितलं.

"मंग पट्ट्या कायच्या होत्या?"

"बेरियमच्या. चुंबकत्वाचा काही संबंधच नाही, बाबा. तीन वर्षं गेले!"

"लेखात चूक हाये हे तुले ठाऊक हाये. मंग कळव त्याइले."

तिने मासिकाला पत्र धाडलं. उत्तर आलं: सर्व लेखकांची संमती हवी. सरांनी ती दिली नाही. प्रबंधावर मात्र कंटाळून सही केली, आणि ते चित्र आत गेलं. पदवी मिळाली. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला, लेख जगभर वाचला जात राहिला.

माधवी आता शिकवणी वर्गात बारावीला शिकवते. गेल्या महिन्यात तिला रश्मी नावाच्या अनोळखी मुलीची मेल आली: 'तुमच्या लेखावरून माझा विषय ठरवलाय. पट्ट्या तुम्हाला कशा मिळाल्या?' माधवीने कपाळावर हात मारला. तास बुडवून तिने दोन पानी उत्तर लिहिलं, तापवलेल्या स्फटिकाचं चित्र जोडलं आणि वर ठळक अक्षरांत टाकलं: 'आधी हे पाहा.'