अर्धशिशी आणि इंजेक्शनचं चौथं वर्ष

माझं डोकं पहिल्यांदा उठलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्यूरेटच्या काचेच्या मोजनळीसमोर उभी होते आणि त्यावरचे आकडे डाव्या बाजूनं दिसेनासे झाले. अर्ध्या तासात उजव्या भुवईमागे ठणका सुरू झाला. उलटी झाली. रोह्याला घरी पोचले तेव्हा आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, "आलं गो तुझ्यात पण."

तिच्यात ते होतंच. अर्धशिशी हा शब्द मी तिच्यामुळे शिकले. तिनं माझ्यावर तिचेच उपाय केले. सूर्य उगवायच्या आत उठवून दुधात भिजवलेली जिलबी खायला दिली, कपाळावर सुंठ उगाळून लावली. जिलबी मला आवडायची, एवढाच तिचा गुण.

पुढे लग्न होऊन मी पेणला आले आणि नोकरी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत लागली. काम तपासणी प्रयोगशाळेतलं. मालाचा नमुना आला की रीडिंग घ्यायचं, पुन्हा घ्यायचं, जुळलं तर सही करायची. त्या सवयीतूनच मी डोकेदुखीची वही घातली. दुखलं त्या दिवशी फुली, अंथरुणात पडावं लागलं तर फुलीभोवती गोल. वीस वर्षांत बऱ्याच गोळ्या झाल्या. एकीनं वजन वाढलं. दुसरीनं शब्द आठवेनात. एकदा सहकाऱ्याकडे मी "ते काचेचं, ओतायचं" असं म्हणत नरसाळं मागितलं होतं. वहीत महिन्याला बारा-तेरा फुल्या पडत होत्या तेव्हा मी पनवेलच्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी वही सगळी वाचली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. मग म्हणाल्या, "डोकं उठतं तेव्हा तुमच्या मज्जातंतूंच्या टोकांतून एक प्रथिन सुटतं. त्यानं दुखणं पेटतं. हे अँटिबॉडीचं इंजेक्शन त्या प्रथिनाचं काम अडवतं. महिन्याला एक, घरीच घ्यायचं."

"आणि किती वर्षं लागू पडतं?"

त्या म्हणाल्या, "काही वर्षं घेतलेल्या पेशंटची माहिती आहे. ज्यांना गुण येतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो टिकतो. पण वीस वर्षं घेतलेला माणूस कुठंच भेटणार नाही. औषधच तेवढं जुनं नाही."

हे उत्तर मला आवडलं. खात्री देणाऱ्या डॉक्टरांपेक्षा मला यांच्यावर जास्त विश्वास बसला.

इंजेक्शन पेनासारखं दिसतं. टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं, दोनदा खट्ट वाजलं की झालं. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून आमच्याकडे दुधाच्या पिशव्यांमागे त्याची जागा ठरली. माझा नवरा धरमतरच्या जेटीवर बार्जच्या मालाची देखरेख करतो, दणकट माणूस. पण पहिल्या वेळी मी मांडी पुढे केली आणि यांनी मान फिरवली. आई आली होती. ती मात्र टक लावून बघत होती.

"एवढंच? पेणला येऊन पेन टोचून घेतलंस व्हय?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

पहिल्या महिन्यात फारसा फरक पडला नाही. दुसऱ्यात फुल्या आठवर आल्या, चौथ्यात चारवर. पोट मात्र साफ होईना, त्यासाठी इसबगोल सुरू केलं. दुखणं गेलं नव्हतं. येऊन जायचं, पण मला आडवं करून जात नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्याकडे दोन तास उरू लागले. त्यांचं काय करायचं हे मला कळेना. काही दिवस मी नुसती ओट्यापाशी उभी राहून भाज्या फार बारीक चिरत होते.

असं दीड वर्ष गेलं. मग डॉक्टरबाईंनी इंजेक्शन थांबवायला सांगितलं.

"चांगलं चाललंय तर थांबवायचं कशाला?" यांनी विचारलं.

"चांगलं औषधामुळे आहे की आजारच उतरलाय, हे थांबवल्याशिवाय कळत नाही."

यांना ते पटलं नाही. मला लगेच पटलं. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. मी नवीन वही घेतली.

पहिल्या महिन्यात तीन फुल्या. दुसऱ्यातही तीन. मी हरखून गेले. कंपनीत दोघीतिघींना सांगून टाकलं की माझी अर्धशिशी गेली.

तिसऱ्या महिन्यात सकाळच्या एसटीनं कामावर निघाले होते. गाडी वाटेतल्या गडब गावाच्या थांब्यावर थांबली आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अर्धी अक्षरं मला दिसेनात. मी पिशवी उचलली आणि कंडक्टरला कसंबसं सांगून खाली उतरले. वडे तळत होते, त्या वासानं मी तोंडावर रुमाल दाबला. दुकानातल्या बाईंनी मला पाहिलं आणि बाकडं सावलीत ओढलं.

"बस गो. उलटी येते तर येऊ दे, लाजू नको. दिवस गेलेत काय?"

"नाय हो. डोकं."

"मग बोलू नको. गप बस."

त्यांनी ओलं फडकं माझ्या डोळ्यांवर ठेवलं आणि तळणाची कढई उतरवून ठेवली. गिऱ्हाईक ओरडलं तर त्याला म्हणाल्या, "जरा थांब की, बाय आजारी हाय." हे न्यायला आले तोवर दीड तास ती कढई त्यांनी पुन्हा चढवली नाही.

त्या महिन्यात नऊ फुल्या पडल्या, पाच गोलाच्या. दुखत नसायचं तेव्हा मी वहीकडे बघत बसायचे. एका बाजूनं वाईट वाटत होतं. दुसऱ्या बाजूनं हे स्वच्छ कळलं होतं की दीड वर्ष ते औषध खरंच काम करत होतं, माझ्या मनाचे खेळ नव्हते.

त्याच दिवसांत आई चार दिवस राहायला आली. मी अंधारात पडले होते. ती पायाशी येऊन बसली.

"माझं साठीच्या आधीच गेलं," ती म्हणाली. "कधी गेलं ते पण कळलं नाय. मोजायला पायजे होतं तुझ्यासारखं."

मी म्हटलं, "तू शाळेत आली नव्हतीस. चौथीत मला बक्षीस होतं तेव्हा."

"साडी नेसून तयार होते. मोरीतच बसले डोकं धरून."

"बाबा म्हणाले, तुला वेळ नाही."

"काय सांगणार ते? रोज काय दुखतं बाईचं, असं लोक म्हणायचे. त्यापेक्षा वेळ नाय म्हटलेलं बरं."

तीस वर्षं मला वाटत होतं की ती रागावली होती, कारण बक्षीस दुसऱ्या नंबरचं होतं. हे मी तिला सांगितलं.  ती माझे तळपाय चोळायला लागली.

इंजेक्शन पुन्हा सुरू केलं. ते परत लागू पडेल का, हा प्रश्न मी डॉक्टरबाईंना विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "बहुधा. बघू या." पहिला महिना गुण न येताच गेला. दुसऱ्या महिन्यात फुल्या पाचवर आल्या आणि तिथून हळूहळू तीनवर. मध्ये एकदा जोरदार ताप आला तेव्हा लागोपाठ चार दिवस डोकं उठलं, एरवी फार चढउतार नाही.

आता चौथं वर्ष चालू आहे. मध्यंतरी दुसऱ्यांदा थांबवायची वेळ आली. या वेळी डॉक्टरबाईंनी निवड माझ्यावर सोडली. हे म्हणाले, "नको, गडब विसरलीस काय?" आईला विचारलं तर म्हणाली, "थांबव. तुझं पण गेलं असेल तर कळायला नको?" मी पंचेचाळिशीला आले आहे, आणि तिचं कोणत्या वर्षी कमी व्हायला लागलं हे तिला सांगता येत नाही, म्हणून तिच्यावरून माझा अंदाज बांधता येत नाही.

शेवटी आईचं ऐकलं. फ्रिजमध्ये दुधाच्या मागे सध्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे. आज नववा आठवडा. फुल्या दोन, दोन्ही बिनगोलाच्या. आई दर रविवारी रोह्याहून फोन करते, आणि तब्येत विचारायच्या आधी आकडा विचारते.