झाड दिसलं की उतरते

जवारीच्या पोत्यात एक सोंडा किडा दिसला की समजायचं, आत लई हायत. किस्स्यांचंही तसंच. एक काढायला जावं तर मागून दहा निघतात. आणि आमच्या घरातले सगळे किस्से एकाच बाईचे! ती बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही तिला अक्का म्हणतो.

अक्काचं लेकराबाळांचं सगळं उरकलंय. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी आपल्या घरी नांदून राहिली. मोठे भाऊजी घरं रंगवायचं गुत्तं, म्हणजे कंत्राट, घेतात. ते डबा घेऊन गेले की अक्का रिकामी. आणि रिकामी अक्का दोनच कामं करते: एसटीत बसून कुठंतरी जाते, नाहीतर चित्रं काढते. मी? मी दिवसभर आरूच्या मागं. आरू माझी एकुलती एक मुलगी, पाच वर्षांची. तिला शिंक आली तरी माझा जीव खालीवर होतो.

औंदा भाऊजींना लातूरला मोठं गुत्तं मिळालं. दोघं तिकडंच राहायला गेले. जाता जाता अक्का माझ्या नवऱ्याला म्हणाली, "शाळा सुरू व्हायच्या टायमाला आरूला आणून सोडा माझ्याकडं. लातूरला शाळा चांगल्या." आमच्याकडं ज्याचं त्याचं लेकरू लातूरला शिकायला जातं. घरात कुणी नाही म्हणंना. आरू तर उड्या मारायला लागली, "मी मोठीमायकडं जाणार!"

तेव्हापासून अक्काचे किस्से आठवून राहिलेत. आधी हसू येतं. मग जळफळाट होतो.

* * *

आमच्या मुखेडात बाई पिशवी घेऊन स्टँडवर दिसली की त्याला कारण लागतं. लग्न, दवाखाना, नाहीतर मयत. बायांना अर्धं तिकीट झालं तशी अक्का पहिल्यांदा देगलूरच्या गाडीत चढली. शेजारच्या गंगामावशीनं खिडकीखालून विचारलं, "लगीन हाय का ग?"

"न्हाई."

"मग दवाखाना?"

"न्हाई मावशी. सहज निघाले."

आता सहज कोण निघतं? मावशीनं डोकं चालवलं. लग्न नाही, दवाखाना नाही, मग उरलं काय? आणि बाई सांगंना, म्हणजे एकदम जवळचंच माणूस असणार!

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. संध्याकाळी अक्का देवळं बघून परत आली, तर दारात तीन घरच्या टोपल्या! गंगामावशी तोंडाला पदर लावून बसलेली.

"कोण वारलं ग माय?"

अक्कानं टोपलीवरचं फडकं उचललं, वास घेतला. "कुणीच न्हाई मावशी. पण आणलंच हाय तर बसा सगळे."

आणि जेवता जेवता म्हणते, "असं असंल तर मी दर आठवड्याला जाते!"

मी रोज दोन टाइम भाकरी थापते. माझ्या दारात आजपर्यंत कुणी चटणीचं बोट सुद्धा आणून ठेवलं नाही.

* * *

बिलोलीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?"

"कुठंबी."

"कुठंबीचं तिकीट नसतं!"

"मग शेवटल्या स्टॉपचं द्या. मधी झाड चांगलं दिसलं की उतरते."

अख्खी गाडी हसली. पण पुढं माळावर पळस फुलला होता, आणि अक्का खरंच उतरली. ना गाव, ना फाटा! ड्रायव्हरला वाटलं, बाई भांडून घर सोडून आली. कंडक्टर दारातून ओरडतोय, "मावशी, घरच्यांचा नंबर तर सांगा!"

दुपारून तीच गाडी परत आली. कंडक्टरनं आपणहून बेल मारली. दारात लटकून विचारतो, "झालं का झाड?"

"फांद्या राहिल्या!"

"उरका लवकर, पाशिंजर हायत!"

आणि गाडी थांबली हो! दोन म्हातारे तर खाली उतरून हिच्या पाठीमागं उभे राहिले. एक म्हणतो, "बाई, तिकडली एक फांदी सोडली तुम्ही."

मी लेकरू कडेवर घेऊन हात केला की हीच गाडी तोंडावर धूळ उडवून जाते. हिच्या फांद्यांसाठी थांबली!

* * *

अक्का रंग विकत आणत नाही. भाऊजींच्या कामावरचे डबे घरी येतात, तळाशी जे उरलं ते हिचं. प्लायवूडचे तुकडे घ्यायचे आणि बसायचं. त्यामुळं हिच्या चित्रातलं आभाळ कुणाच्या तरी किचनसारखं पिस्ता, आणि नदी कुणाच्या तरी जिन्यासारखी कॉफी कलरची.

एकदा कंधारचा किल्ला काढला. गुलाबी! मी मुद्दामच म्हणलं, "अक्का, दगड तर काळा असतो की."

"काळा कुणी घराला लावत न्हाई ग. म्हणून तो उरत न्हाई."

तेवढ्यात गंगामावशी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हा माझ्या हॉलचा कलर हाय! आमच्या डब्यातला हाय हा!"

"हाव मावशी."

"मला न विचारता?"

"मग किल्ला तुमचाच. घेऊन जावा."

मावशी खुश! किल्ला उचलून नेला आणि हॉलच्या भिंतीवर बरोबर मधोमध लावला. आता भिंत गुलाबी, किल्ला गुलाबी. लांबून नुसती चौकट दिसते!

तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मावशी सांगतेच, "आमच्या अक्काच्या हातचा हाय."

* * *

एक दिवस आमचे हे जेवताना म्हणाले, "वहिनीच्या हातात जादू हाय बघ." तोंडात घास माझ्या वांग्याच्या भाजीचा, आणि जादू वहिनीच्या हातात!

मी त्याच दुपारी आरूला झोपवलं, अक्काचा ब्रश घेतला आणि मोर काढला. घाम फुटला, पण काढला. वाळवून भिंतीला टेकवून ठेवला.

आरू उठली. "आई! कोंबडी किती छान!"

हे दुकानावरून आले. "कोंबडी भारी जमली. शेपटी तेवढी जास्त झाली."

मी म्हणलं, "जास्तच असती काहींना."

मग अक्का आली. लई वेळ बघत राहिली. हळूच म्हणाली, "सविता, मोर हाय ना ग हा?"

सगळ्यात जास्त राग मला त्याच बोलण्याचा आला.

* * *

माझं माहेर हदगावकडच्या खेड्यातलं. सातवीच्या पुढची शाळा हदगावात होती, रोज गाडीनं जावं लागलं असतं. माय म्हणाली, "वाटेत काही झालं म्हंजे?" झालं, तिथंच शिक्षण संपलं. सहस्रकुंडचा धबधबा आमच्याकडून काही फार लांब नाही, पण मी कधी पाहिला नव्हता. कारण तेच, वाटेत काही झालं म्हंजे?

मागच्या श्रावणात माहेरी गेले तर अक्का सोबत आली आणि म्हणाली, "चल, धबधबा बघू." मुखेडची बाई मला माझ्या माहेरचा धबधबा दाखवणार! पण आरूनं ऐकलं आणि तिनं रडून गोंधळ घातला, मग गेलो.

मी पिशवीत काय काय घेतलं म्हणून सांगू! गरम पाणी, तापाचं औषध, दोन जोड कपडे, टॉवेल. आणि तिथं गेल्यावर पदराचं टोक आरूच्या मनगटाला बांधलं. शेवाळ केवढं! ती एक पाऊल टाकायची की मी ओरडायची, "पडशील!" सगळी माणसं पाण्याकडं बघून राहिली होती, आणि मी आरूच्या सँडलकडं. अक्का एका दगडावर बसली ती बसलीच. तोंडावर तुषार उडून राहिले, ते पुसले सुद्धा नाहीत.

संध्याकाळी मायनं विचारलं, "कसा ग होता धबधबा?"

मी म्हणलं, "आवाज लई मोठा होता."

* * *

त्याच धबधब्याचं चित्र आरूनं बालवाडीत काढलं. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. कागदभर निळं पाणी. मधी मोठीमाय, दोन्ही हात वर. तिच्याजवळ आरू स्वतः, हसून राहिलेली. आणि आरूच्या हातातून एक लांब रेघ निघून पार कागदाच्या बाहेर गेलेली.

मॅडमनी विचारलं, "बाळा, ही दोरी कसली?"

"दोरी न्हाई मॅडम. ती आई हाय."

* * *

आता शेवटचा.

आरूला लातूरला सोडायचा दिवस आला. यांना दुकानातून सुट्टी मिळंना. म्हणाले, "तूच जा. गाडीत बसायचं आणि उतरायचं, त्यात काय?" मी एकटी, लेकरू घेऊन, लातूरपर्यंत! पिशवी भरता भरता तीनदा उपसली. आरूनं तिच्या दप्तरात नवी पाटी घेतली, आणि अक्कानं जाताना पावडरच्या डब्यात भरून दिलेले रंग, ब्रशासकट.

स्टँडवर गंगामावशी होतीच. "लगीन हाय का ग?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"दवाखाना?"

मी डोळ्याला पदर लावला. तशीच गाडीत चढले.

जांब गेलं. आरू खिडकीला नाक लावून बसलेली, मी तिच्या केसांना हात लावून. शिरूरच्या अलीकडं ती एकदम ओरडली, "आई, झाड!"

बांधावर एकच झाड. अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं. आणि जेवढं वाळलेलं तेवढ्यावर सगळे बगळे! कापूस फुटल्यासारखं पांढरं झालेलं. वारा आला की सगळे मिळून हलायचे, पण उडायचे नाहीत. मी असं काही कधी बघितलं नव्हतं. म्हणजे असंलही रस्त्यात, मीच बघितलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "उतरायचंय!"

कंडक्टर म्हणाला, "ताई, तिकीट लातूरचं काढलंय तुम्ही."

"हाव. पण झाड दिसलं."

गाडी गेली. आम्ही दोघी बांधावर. पाटीवर एका बाजूनं तिनं काढलं, एका बाजूनं मी. डब्यात पांढरा नव्हताच. गंगामावशीच्या हॉलचा गुलाबी होता.

"आई, तुझ्या कोंबड्या झाडावर बसल्या!" आरू हसून हसून लोळली. ढेकळात लोळली, लोळू दिलं.

फोन वाजला. अक्का.

"कुठवर आलीस ग? चहा ठेवू का?"

"झाडाखाली हाव."

"कोणत्या झाडाखाली?"

"तुम्ही न्हाई पाहिलं ते. बगळ्यांचं हाय."

मग म्हणाली, "माझ्याबिगर उतरलात?"

"हाव."

"आरू काय करून राहिली?"

"बगळे काढून राहिली. मी बी."

"रस्ता हाय तिथं, गाड्या असतेत. नीट बघ तिच्याकडं, पडंल बिडंल!" अक्का म्हणाली. अक्का! "आणि लातूरची गाडी कधी हाय आता?"

"बघते," मी म्हणलं.

ऊन उतरलं तसे बगळे उडाले, एकदम सगळे. मग आम्ही रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. पहिली गाडी आली ती परत मुखेडला जाणारी. लातूरच्या गाडीची वाट बघितलीच नाही. मी लेकरू कडेवर घेऊन हात केला.

थांबली!

घरी पोचले तर आरू खांद्यावर झोपलेली, तिचे हात गुलाबी, माझे हात गुलाबी. आणि आमच्या दारात गंगामावशी, तोंडाला पदर लावून. शेजारी दोन बाया, पुढ्यात फडकं टाकलेल्या टोपल्या.

"कोण वारलं ग माय?"

मी पिशवी खाली ठेवली. टोपलीवरचं फडकं उचललं, वास घेतला.

"मावशी, ठेचा न्हाई आणला?"